लष्करमधला रेडिओग्राम

बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरला उतरता येतं. मावशीकडे गेलं की किल्ला, जयविलास राजवाडा आणि तानसेनाची समाधी ठरलेलीच. या खेपेला मात्र चार दिवस तिच्या रेडिओग्रामपुढे मांडी घालून गेले.

मावशीचं घर लष्करमध्ये, महाराज बाड्याजवळ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली, तिचंच पुढे गाव झालं. म्हणून नाव लष्कर. आता घर रिकामं करून ती मुलाकडे पुण्याला निघाली होती. सुतार म्हणाला, "अंदर का कबाड़ निकाल दो, बढ़िया टीव्ही स्टँड बनेगा." मुलालाही ते पटलं. मावशी माझ्याकडे वळून हळूच कन्नडात म्हणाली, "अदु हाडबेकू." ते गायला हवं! ग्वाल्हेरात वाढलेल्या मुलाला कन्नड येत नाही.

गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं पहिली ताकीद दिली ती ही, की वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राचा प्लग एकदम लावायचा नाही. कागदी कंडेन्सर आतून गळू लागलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यानं आधी ते बदलले, मग सिरीजमध्ये बल्ब लावून करंट दिला. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट; पेटून मंदावला तर ठीक. आमचा मंदावला. (प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, तेव्हा घरी कुणी हात घालू नये.) तबकडी फिरवणारं रबरी चाक कडक होऊन घसरत होतं, ते पॉलिश पेपरनं घासलं. सुई मात्र नवी लागली. ७८ च्या तबकडीची खाच रुंद, तिला एलपीच्या तिप्पट जाडीची सुई हवी. बारीक सुई खाचेच्या तळाशी खरखरत राहते. लाकडाला लाखेचंच पॉलिश दिलं. जुन्या तबकड्याही लाखेच्याच की!

खालच्या कप्प्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी निघाली. त्यांचीच तबकडी ऐकून गदगकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलानं १९३३ मध्ये घर सोडलं आणि गुरू शोधत तो याच गावी आला. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९१८ मध्ये निघालेल्या इथल्या माधव संगीत विद्यालयात तो शिकला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. आपल्याकडचा कन्नड मुलगा मराठी सरदारांच्या या हिंदी मुलखात गाणं शिकायला आला, याचं मला राजवाड्यातल्या झुंबरांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागला. आधी खरखर, मग आवाज आला, किंचित संथ. मावशीनं डोळे मिटले नाहीत. ती मुलाकडे बघत होती.

तबकडी संपल्यावर तो म्हणाला, "पुण्याच्या लिफ्टमध्ये हे मावणार नाही."

"जिन्यानं न्या," मेकॅनिक म्हणाला, "पण आडवा करू नका."