गिरणी बंद पडल्यावर घर कुणी चालवलं?

परवा एका चर्चेत ऐकलं, "गिरण्या बंद पडल्या तरी सोलापूर काय उपाशी मेलं नाही, लोकांनी मार्ग काढला." खरंय. पण तो मार्ग कुणाच्या बोटांनी काढला, ते सांगतो.

१८७७ साली जुनी मिल निघाली, तेव्हापासून आमचं गाव भोंग्यावर उठायचं. वडील एका गिरणीत माग चालवायचे, कायम कामगार. आठ तासांची पाळी, पीएफ, दिवाळीला बोनस. नव्वदच्या दशकात गेटला कुलूप लागलं. देणी मिळाली तोपर्यंत त्याच्या दुप्पट कर्ज झालेलं.

वडिलांना काम मिळालं की! पूर्वभागात, यंत्रमागाच्या कारखान्यात, टॉवेलचं. कला तीच, पण पाळी बारा तासांची, मजुरी नगावर आणि हजेरीपटावर नावच नाही. लाईट गेली की मजुरी गेली. पण सरकारी हिशोबात हा माणूस बेरोजगार नव्हता बरं का.

मग आईची विडी, जी आधी वरखर्चाला होती, तिच्यावर घर आलं. सकाळी विड्या देऊन पान-तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, की रात्री अकरापर्यंत सूप मांडीवर. हजार विड्या झाल्या तर हजाराची मजुरी. खराब म्हणून काढलेल्या विड्यांचा पैसा नाही. शाळेतून आलो की आम्ही भावंडं विड्यांची तोंडं बंद करत बसायचो. बहिणीची शाळा सातवीत सुटली. माझी नाही सुटली. हेही त्या 'मार्गा'त धरा.

गंमत म्हणजे विडी कामगारांसाठी १९६६ चा वेगळा कायदा, वर युनियनचा रेटा, म्हणून आईकडे कार्ड होतं, पीएफ होता. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, तीही विडीवाल्या बायका एकत्र आल्या म्हणूनच. एकेकाळच्या कायम कामगाराच्या घरात पीएफची स्लिप यायची ती बायकोच्या नावानं!

आता विडीचंही आटत चाललंय. बहिणीला आठवड्यातून तीनच दिवस पान मिळतं. भाचा चाकणला कंत्राटावर आहे. पीएफ कापतात का रे विचारलं, तर म्हणतो, "कापतात मामा, भरतात का ते माहीत नाही."

त्याचा यूएएन नंबर मागवलाय. तुमच्या पोरांचाही एकदा बघून घ्या.