परमुलुखातील जमीन

मागल्या कार्तिकातली गोष्ट. आग्रा-मुंबई रस्त्यावरील एका मोठ्या हॉटेलात दुबईतील घरांचे प्रदर्शन भरले होते. माझा मुलगा तेथे जाऊन आला आणि येताना जाड, गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका घेऊन आला. चहाचा पेला बाजूला सारून त्याने ती माझ्यापुढे उघडली. निळे पाणी, पांढरे मनोरे, आणि एका सज्जात उभे राहून क्षितिजाकडे पाहणारे एक सुखवस्तू जोडपे. त्या जोडप्याला क्षितिजावर काय दिसत होते कोण जाणे. मला मात्र पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरील आकडा दिसला. वीस लाख दिर्हॅम.

मुलाचा हिशेब पक्का होता. वीस लाख दिर्हॅमांची मालमत्ता घेणाऱ्यास तेथे दहा वर्षांचा निवास-परवाना मिळू शकतो. दिर्हॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचारच्या आत-बाहेर. म्हणजे रुपया घसरला तरी घराची किंमत घसरत नाही. भाडे येथल्यापेक्षा चांगले येते. अडचण एवढीच की, ही रक्कम सुमारे पाच लाख पंचेचाळीस हजार डॉलरची होते, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच परदेशी धाडता येतात. घरातील तिघांनी मिळून, तिघांच्या नावे घर घेतले, तर मात्र ते एकाच वर्षात बसते. या रकमेसाठी येथील बँकेचे कर्ज काढता येत नाही. पैसा स्वतःचाच हवा.

"तुमच्या दोन सह्या लागतील, बाबा," तो म्हणाला. "एक बँकेच्या कागदावर, आणि एक प्रियोळच्या."

प्रियोळची सही म्हणजे आमच्या मूळ घरामागील भरडाची जमीन विकण्यास संमती. म्हार्दोळच्या देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेला तो तुकडा. चार आंबे, काही काजू, आणि बाकी दगड. मुलाच्या दृष्टीने तेथे पैसा निजून राहिला होता, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गोव्यात आज दिल्लीकडची मंडळी जमिनी शोधीत फिरत आहेत. ज्या भरडावर पूर्वी कोणी गुरेही घालीत नसे, तिचा भाव ऐकून माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकास घेरी यावी, असा काळ आला आहे.

मी लगेच नाही म्हटले नाही. परंतु मन मागे गेले. आणि मागे जाताना इंदूरच्या माणसाला होळकर ओलांडून जाता येत नाही.

परदेशी घर घेणे ही या शहराला नवी गोष्ट नाही. सन १९२६ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांनी गादी सोडली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅरिसजवळील सां-जर्मां-आं-ले या गावी एनमाँ नावाची हवेली इंदूरच्या महाराजांच्या मालकीची होती. उंच छपरांची, भोवती मोठे उद्यान असलेली ती वास्तू होती म्हणतात. मग दुसरे महायुद्ध आले, त्या गावात जर्मन सेनेने आपले ठाणे मांडले. युद्ध संपल्यावर, १९५१-५२ च्या सुमारास, त्याच उद्यानात पश्चिमी राष्ट्रांच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी वसाहत उभी राहिली आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. आज तेथे एक नामांकित आंतरराष्ट्रीय विद्यालय आहे. तुकोजीराव १९७८ मध्ये पॅरिसलाच वारले. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी उलटे केले. त्यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यास इंदुरास बोलावून माणिकबाग उभारून घेतली, म्हणजे युरोपच घरी आणला. त्या माणिकबागेत पुढे केंद्रीय करखात्याचे कार्यालय थाटले गेले. बापाच्या हवेलीत शाळा, मुलाच्या महालात करखाते! राजांच्या गुंतवणुकीची ही कथा मी मुलाला सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "आपण राजे नाही, बाबा." हेही खरेच.

तेव्हा मी त्याला राजांचे नव्हे, आमचेच सांगावयास हवे होते. ते मात्र मी त्याला आजवर कधी नीट सांगितलेच नव्हते.

तुकोजीरावांनी गादी सोडली त्याच वर्षी माझे आजोबा प्रियोळहून इंदुरास आले आणि होळकर सरकारच्या दप्तरात कारकून झाले. पुढे त्यांनी रामबागेत जागा घेतली, घर बांधले, तुळशीवृंदावन घातले. प्रियोळला घर, दोन भातशेते आणि हे भरड राहिले. धाकटा मुलगाही तिकडेच राहिला. शेते कुळाकडे होती. दरसाल खंडाचे पैसे कोणा ना कोणा येणाऱ्याबरोबर येत, आणि ते पोर्तुगीज रुपये मोडून घेताना आजोबा म्हणत, "परदेशची जिंदगी आहे आपली!" त्यात विनोद होता, आणि सत्यही होते. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकात गेला होता. इंदुरात बसून प्रियोळच्या शेताचा खंड घेणारा मनुष्य कायद्याने परराज्यातील जमिनीचा मालक होता. त्या जमिनीचे कागद पोर्तुगीज भाषेत, वाटण्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याने. ते कागद अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांतील एक ओळ मला वाचता येत नाही.

वाचकांपैकी ज्यांची घरे फोंडा महालात आहेत, त्यांना हे नवे वाटू नये. आपली म्हाळसा देवी तरी कोठली? वेर्ण्याची. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी तिला नदीपलीकडे आणले. कारण पलीकडचा मुलूख त्या वेळी पोर्तुगिजांचा नव्हता, आदिलशाहीचा होता. परमुलुखात जागा घेणारी आमच्या घराण्यातील पहिली व्यक्ती म्हणजे आमची कुलदेवताच, असे म्हटले तर अधिक होऊ नये. मात्र ती तेथे राहावयास गेली, आणि तिच्यामागून माणसे गेली.

आजोबा १९४९ मध्ये वारले. आजी देवीच्या सेवेसाठी प्रियोळला परतली. पुढे १९५५ च्या ऑगस्टात सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि सीमा बंद झाली. पैशांची ने-आण थांबली, जाण्यास परवाना लागू लागला, आणि सरकारी नोकरीत असलेल्या माझ्या वडिलांनी तो मागण्याचे धाडस केले नाही. खंड आला नाही, याचे त्यांना काहीच वाटले नाही. परंतु १९५७ च्या पावसाळ्यात आजी आजारी पडली. काकांचे पत्र इंदुरास पोचले तेव्हा तेराव्याचा दिवसही उलटून गेला होता. वडिलांनी ते पत्र दोनदा वाचले, विहिरीवर जाऊन स्नान केले, आणि त्या दिवसानंतर आमच्या घरात "परदेशची जिंदगी" हे शब्द कोणी उच्चारले नाहीत. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. ओल्या धोतराने उंबऱ्यावर बसलेले वडील मला अजून दिसतात.

आजीच्या उशाशी त्या पावसाळ्यात कोण होते? नुकतीच लग्न होऊन त्या घरात आलेली माझी काकी. वीस वर्षांची मुलगी.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि सन १९६३ मध्ये वडील मला घेऊन मिरज-लोंढ्याच्या मार्गाने प्रियोळला गेले. एव्हाना तिकडे रुपये जाऊन एस्कुदो आले होते आणि एस्कुदो जाऊन पुन्हा रुपये, आमचे रुपये, येत होते. परदेशची जमीन जागच्या जागी देशातील झाली होती. वडिलांना वाटले, आता हिशेब सुरळीत होईल. पण पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, गोव्यात कूळकायदा झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा हा शेताचा मालक ठरला. दोन्ही भातशेते गेली. मोबदला मिळावयाचा तो अगदी किरकोळ होता. त्याविषयी वडिलांची तक्रार ऐकलेली मला आठवत नाही. एकदाच ते म्हणाले की, सहा वर्षे मी आईचे तोंड पाहू शकलो नाही, त्या सहा वर्षांत त्या शेतात रोज कोणाचे पाय होते, हे सरकारला बरोबर कळले. मला हे आज पटते. तेव्हा, पंचविशीत, मला तो अन्यायच वाटला होता.

हे सारे सांगून झाल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने जो प्रश्न केला, त्याने मला खरोखरच अडचणीत टाकले. "आजोबांच्या वडिलांनी रामबागेत जागा घेतली, तेव्हा इंदूर तरी परमुलूखच नव्हते का? त्यांनी घेतलेली चालली, मी घेतलेली का चालू नये?"

मी उत्तर शोधू लागलो. रामबागेत ते राहिले, हे एक उत्तर. परंतु राहणे हीच कसोटी धरली, तर अहिल्याबाईंचे काय करावयाचे? पेशव्यांनी १७३४ मध्ये गौतमाबाईंना जी खासगी दिली, तिच्या उत्पन्नातून त्यांच्या या सुनेने काशीचे विश्वेश्वराचे देऊळ बांधले (१७८०), सोमनाथास देऊळ उभारले, गयेला, हरिद्वारला बांधकामे केली. यांतील बहुतेक भूमी तिच्या राज्याबाहेरची. आणि पैसा दौलतीचा नव्हे, खासगीतला, म्हणजे आजच्या भाषेत स्वतःचा. ती स्वतः महेश्वरी बसून होती. परंतु देऊळ बांधले की तेथे पूजा कोणी करावयाची, दिवाबत्तीला तेल कोठून यावयाचे, याची नेमणूक तिने लावून दिलेली असे. मालकाने तेथे राहावयासच हवे असे नाही. पण तेथे कोणीतरी राहावे लागते, आणि त्याचे पोट भरावे लागते. दुबईच्या त्या मनोऱ्यात आमचे कोण राहणार होते?

मग आम्ही दोघांनी मिळून कागद पाहिले. आणि कबूल करतो की, मला त्यात रस वाटू लागला. परदेशी लोकांना दुबईत ठराविक भागांत पूर्ण मालकीने घर घेता येऊ लागले ते २००२ पासून, आणि त्याचा कायदा झाला २००६ मध्ये. मुसलमानेतरांस मृत्युपत्र नोंदविण्याची वेगळी सोय २०१५ मध्ये झाली. ते करून ठेवावे. आपल्या बाजूने पाहिले, तर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत येथे राहणाऱ्या माणसास बाहेर घर घ्यावयाचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी काढावी लागे. २००४ मध्ये पंचवीस हजार डॉलरची मुभा आली, ती हळूहळू वाढली. आणि १४ ऑगस्ट २०१३ रोजी, रुपया गडगडत असताना, मर्यादा दोन लाखांवरून पंचाहत्तर हजारांवर आणून घर घेण्यासाठी पैसे पाठविण्यासच मनाई झाली. पुढल्या वर्षी ती उठली. आता एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपलीकडील अशा रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते, तो पुढे आयकरात वळता होतो. आणि बाहेरची मालमत्ता दरसाल आयकराच्या विवरणात दाखवावी लागते. २०१५ च्या कायद्याने ती लपविणाऱ्यास जबर दंड आहे. ज्याने त्या २०१३ च्या उन्हाळ्यात हप्त्यांवर घर घेतले असेल आणि पुढला हप्ता भरावयाचा असेल, त्याची पावसाळ्यात काय अवस्था झाली असेल, हे मी मुलास विचारले. माझ्या वडिलांना मात्र ते विचारावे लागले नसते.

"हप्ते मी माझ्या पैशातून भरीन, लहान घर घेईन, परवान्याचा मोह सोडीन," तो शेवटी म्हणाला. "पण प्रियोळचे भरड तरी कशासाठी ठेवायचे?"

तो निर्णय माझा एकट्याचा नव्हता. गोव्यात वारसांना आणि त्यांच्या पती-पत्नींनाही सही करावी लागते. एक-चौदाच्या उताऱ्यावरील नावांची वंशावळ उलगडली, तेव्हा अकरा सह्या निघाल्या. माणसे मुंबई, पुणे, बेळगाव आणि एक तर कॅनडात. आश्चर्य म्हणजे नऊ जणांनी महिन्याभरात होकार कळविला. उरल्या दोन: माझी, आणि काकीची.

माघात आम्ही दोघे प्रियोळला गेलो. देवीचे दर्शन घेतले. देवस्थानच्या महाजनांच्या नामावलीत आजोबांचे नाव आहे, ते मी मुलाला सांगितले. ती महाजनकी वंशाने येते, विकत घेता येत नाही आणि विकताही येत नाही, हे ऐकून त्याला गंमत वाटली. घरी आलो तो काकी पडवीत बसून फुलवाती वळीत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कानांनी अधू, पण नजर चोख. जेवणे झाल्यावर मुलाने भ्रमणध्वनीवर तिला दुबईची चित्रे दाखविली. मनोरे, सज्जा, निळे पाणी. तिने ती सगळी पाहिली आणि विचारले, "पुता, थंयचें उदक कशें आसा?"

चौरस फूट, भाडे, देखभालीचा आकार हे सारे त्याला तोंडपाठ होते. पाण्याचे त्याला ठाऊक नव्हते. रात्री त्याने कोठेतरी पाहून काढले आणि सकाळी तिला सांगितले की, समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून नळाने देतात. काकीने ते लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग विहिरीवरचा दोर कुजला आहे, फोंड्याला जाणार असलास तर नवा घेऊन ये, असे तिने त्याला सांगितले. तो फोंड्याला गेला, दोर आणला, आणि दुपारभर आम्ही बापलेक तो रहाटावर चढवीत बसलो. संमतीचा कागद माझ्या पिशवीतच होता. काकीकडे सही मागण्याचे त्या दिवशी राहून गेले, आणि अजून राहिलेलेच आहे.