हादऱ्यातली नाडी

कोविडच्या साथीत पल्स ऑक्सिमीटर घराघरांत पोचला. बोटाला चिमटा लावायचा, आकडा वाचायचा, एवढी त्याची ओळख. माझी त्याच्याशी गाठ पडली ती साथीच्या कितीतरी आधी, मुंबई-गोवा महामार्गावर धावणाऱ्या एका ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्समध्ये. बी.एस्सी. करून मी तिथे मदतनीस म्हणून लागले होते. कशेडी घाटाच्या वळणांवर हा चिमटा काय काय दाखवायचा! ऑक्सिजन ९७, लगेच ८२, मग नुसत्या रेघा. जखमीचा श्वास मात्र होता तसाच चाललेला. गाडी चालवणारे काका पुढून सांगायचे, "ताई, बोटं गार पडली असतील, जरा चोळा." ऊब आली की पडद्यावर नाडीची लाट पुन्हा उमटायची. असं का होतं, ते तिथे कुणालाच नीट सांगता येईना. तो प्रश्न मनात घेऊनच मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला.

चिमट्यातून दोन प्रकाश बोटात शिरतात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण कातडी, मांस, हाड हेही प्रकाश शोषतातच. त्यातून धमनीतलं रक्त ओळखायचं ते नाडीबरोबर होणाऱ्या बारीक चढउतारावरून. तो असतो एकूण प्रकाशाच्या एखाददुसरा टक्का. गार बोटात आणखी कमी. गाडीचा एक हादरा त्याला सहज गिळतो.

ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची. निहोन कोहडेन कंपनीत ते रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते मोजू पाहत होते, आणि नाडीचे ठोके त्या मापनात सारखे लुडबुडत होते. ती लुडबुड घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं, की ऑक्सिजनचं माप तिच्यातच आहे. हे १९७४ च्या सुमाराचं. मला हा प्रसंग फार प्रिय आहे. अडचणीकडे इतक्या आदराने बघणारी माणसं विरळा.

आता मी अशाच यंत्रांच्या चाचण्या घेते. कंपनाच्या टेबलावरची ठरावीक कंपनं मला पुरत नाहीत, म्हणून घाटातल्या हादऱ्यांची नोंद करून आणते आणि ती टेबलावर चालवते. सायरन चालू असताना अलार्म ऐकू येतो का, ग्लोव्हज घातलेल्या हाताला बटण सापडतं का, तेही बघते. वाद होतो तो एकाच गोष्टीवरून. लाट भरवशाची नसेल तेव्हा आकडा दाखवायचा का? मी म्हणते, रेघा दाखवा आणि शेजारी कारण लिहा: ‘बोट गार’, ‘हालचाल जास्त’. विक्री विभागाला भीती, की रेघा दिसल्या तर गिऱ्हाईक यंत्रच बिघडलं म्हणेल. पण मागे एकटीने बसलेल्या मुलीला खोटा ९७ दिसला, तर ऑक्सिजन लावायचा राहील. पुढच्या मॉडेलमध्ये लाटेची पट्टी आकड्याहून मोठी ठेवायची, इथवर आमचं जमलं आहे. रेघांचं अजून ठरायचंय.