दोन्ही पाय एकीकडे

परवा नांदेडला नातीच्या स्कूटीवर मागे बसत होते. ती म्हणाली, "आजी, दोन्हीकडे पाय टाकून बस गं, पडशील."

"अगं, साडीत कसं बसायचं?" मी म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं. माझी आजी नऊवारीचा कासोटा घट्ट मारून तट्टावर अशीच तर बसायची!

फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई १८३५ साली फत्तेगडला बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली होती. इंग्रज बायका तेव्हा पायघोळ झगा घालून, दोन्ही पाय डावीकडे सोडून घोड्यावर बसत. बायजाबाईंच्या मंडळींना ते खोगीर भलतंच विचित्र वाटलं. मग फॅनीबाईंनी मराठी पद्धतीचं लुगडं नेसून, दोन्हीकडे पाय टाकून घोडा चालवला. तो अनुभव त्यांना फार आवडला. १८५० साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलंय. तिकडे झग्याचा घोळ खोगिरात अडकून बायका घोड्यामागे फरफटत जात. म्हणून पुढे पडताक्षणी सुटणारे झगे शिवावे लागले.

१९७८ साली ह्यांच्या स्कूटरवर माझाही पदर चाकात गेला होता. कोपरावर व्रण अजून आहे. सगळे म्हणाले, पदर सांभाळायला हवा होता. बसण्याच्या रीतीला कुणीच बोल लावला नाही. मीही नाही. उलट शाळेत सायकलच्या कॅरिअरवर दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या मुलींना मीच दटावायचे, "नीट बसा!" त्याचं आज वाईट वाटतं.

असो. उद्या पंजाबी ड्रेस घालून बघते. गुडघ्यांनी साथ दिली म्हणजे झालं!