खाडीकाठची सायकल

आमच्या घराच्या पॅसेजमध्ये दोन वर्षं एक सायकल भिंतीला टेकून उभी होती. मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला तेव्हा "जपून ठेवा" म्हणून ठेवून गेलेला. ही रोज केर काढताना तिच्यावर चिडायची आणि मी रोज म्हणायचो, "विकू या का?" मग माझी साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण चालताना गुडघा बोलायला लागला. शेवटी एका सकाळी मीच ती सायकल लिफ्टमध्ये उभी करून खाली नेली.

ही साधी सायकल नाही, हे मला खाली गेल्यावर कळलं. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर मात्र चांगले दोन बोटं रुंद. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. खडी, मुरूम, कच्ची वाट यांच्यासाठी बनवलेली. टायरमध्ये हवा कमीच भरायची, म्हणजे दगडावरून जाताना टायर थोडा दबतो आणि हादरा मनगटापर्यंत येत नाही. मी सवयीने पंक्चरवाल्याकडे जाऊन टम्म हवा भरून घेतली होती. पेव्हर ब्लॉकवरून जाताना दात वाजले. रात्री मुलाला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. या प्रकाराची आता जागतिक स्पर्धासुद्धा होते म्हणे, पहिली 2022 मध्ये इटलीत झाली. खड्ड्यांतून सायकल चालवणं हा खेळ असेल, तर आमची पिढी जन्मजात खेळाडू होती. 1986 साली अमळनेरहून भुसावळ-सुरत पॅसेंजरने मी इथे आलो, तेव्हा उधन्याच्या खोलीपासून पांडेसऱ्याच्या मिलपर्यंत काळी अ‍ॅटलास दामटायचो. तेव्हा त्या रस्त्यावर ग्रॅव्हलच ग्रॅव्हल होतं.

आता माझी रोजची वाट सांगतो, मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर बरं पडेल. अलथाणच्या डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोलीच्या पुलापर्यंत काकरा खाडीच्या काठाने महानगरपालिकेचं बायोडायव्हर्सिटी पार्क आहे. 87 हेक्टरच्या वर जागा. 29 सप्टेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. नाव उच्चारायला अवघड म्हणून आम्ही सगळे 'खाडीचं जंगल' म्हणतो. लावलेल्या झाडांचं जंगल कसलं, असं मलाही वाटायचं. पण सुरतेच्या पावसात आणि खाडीच्या गाळात झाडं अशी काही वाढतात की दोन पावसाळ्यांत पलीकडची इमारत दिसेनाशी होते. बांबू आणि करंज तर विचारू नका. काठावर जुनी वेडी बाभूळ अजून तग धरून आहे. पाण्यात मधेमधे जलपर्णी.

सहाच्या सुमारास निघावं. उशीर केला तर ऊन आणि मोबाईलवर गाणी वाजवत चालणारे काका, दोन्ही वाढतात. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. पावसाळ्यात मात्र कच्च्या काठावर जाऊच नये. आपली काळी माती टायरला अशी चिकटते की चाक आणि फोर्क यांच्यात लगदा भरून सायकल जागच्या जागी थांबते. मी एकदा काडीने माती उकरत अर्धा तास बसलो होतो. झाडांना पाणी घालणारी एक बाई ते बघत उभी होती. ती धुळ्याकडची निघाली. "बाबा, या वयमा सायकल?" म्हणाली, आणि नंतर स्वतःच पाण्याचा पाईप घेऊन चाक धुऊन दिलं.

थंडीत आणखी थोडा दम असेल तर पुढे डुमस रस्त्याच्या बाजूला गवियर तलावापर्यंत जावं. परदेशातून आलेली बदकं तिथे मुक्कामाला असतात. खाडीवर एवढी श्रीमंती नाही. इथे वंचक, खंड्या, काळा शराटी, आणि गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाट्या. हा शेकाट्या माझा आवडता पक्षी. घाण पाण्यालाही तो नाक मुरडत नाही.

घाण पाण्यावरून आठवलं. खरं तर ते सांगायलाच लिहायला बसलो आहे.

महाराष्ट्रात आपण समुद्राचं पाणी आत येतं तिला खाडी म्हणतो. सुरतेत साध्या नाल्यालाही खाडी म्हणतात. नवीन असताना मला याचं हसू यायचं. पुढे कळलं की ही खाडी खरोखरच खाडी होती. 9 एप्रिल 1930 रोजी, म्हणजे दांडीला मीठ उचलल्यावर तीनच दिवसांनी, गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी या भीमराडला आले होते आणि इथे त्यांची सभा झाली होती. मिठासाठी या गावात यायचं, म्हणजे भरतीचं पाणी इथवर पोचत असणार. मी पाहिली तेव्हा मात्र ती नालाच होती, आणि तसा तिला करणाऱ्यांत मी एक होतो.

मी डाईंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये लॅबला होतो. काम शेड मॅचिंगचं. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकायचा आणि म्हणायचा, "हाच रंग पाहिजे." पॉलिएस्टरला रंग सहजासहजी चढत नाही. बंद यंत्रात 130 अंशांवर उकळावं लागतं, मग कॉस्टिक आणि हायड्रोने धुऊन वरवरचा रंग काढावा लागतो. कापडावर चढला तो साडीत गेला, उरला तो पाण्यात गेला. ते पाणी एका टाकीत साठायचं. साफ करण्याची यंत्रणा होती, पण चुना आणि तुरटी यांना पैसे लागतात. त्यामुळे पावसाळ्यात एक सोपा उपाय होता. रात्री जोराचा पाऊस लागला की टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाण्यात पाणी मिसळायचं, सकाळपर्यंत कुणाला काही दिसायचं नाही.

नाईट शिफ्टला तो व्हॉल्व्ह मी उघडायचो. एकदा नाही, कित्येक पावसाळे. पोटासाठी करतोय, वरून सांगितलंय, सगळेच करतात, ही तिन्ही वाक्यं मी तेव्हा स्वतःशी म्हटलेली आहेत. त्यांतलं एकही खोटं नव्हतं.

एका जुलैत पावसाने दगा दिला. व्हॉल्व्ह उघडला आणि अर्ध्या तासात पाऊस थांबला. सीझन नेव्ही ब्ल्यूचा होता. सकाळी सुटी झाल्यावर सायकलवरून पुलावर आलो तर खाली पाणी निळं. आकाशाचं निळं नव्हे, शाईच्या दौतीतलं. मालधाऱ्याची गुरं पलीकडून खाडी ओलांडून वर येत होती. त्यांत एक पांढरी गाय होती. तिचे चारही पाय गुडघ्यापर्यंत निळे झाले होते. मालधारी धोतराच्या सोग्याने ते पुसत होता आणि रंग काही निघत नव्हता. रंग पक्का होता. तो मीच जमवला होता.

मी घरी येऊन झोपलो. हिला हे गंमत म्हणून सांगितल्याचं आठवतं. ती हसली नाही.

गेल्या डिसेंबरात मुलगा सुटीवर आला. त्याची सायकल त्याला दिली, मी शेजाऱ्यांची मागून घेतली, आणि दोघं खाडीवर गेलो. तिकडे तो सुटीच्या दिवशी डॉर्ड्रेख्टजवळ 'बीसबॉस' नावाच्या पाणथळ जंगलात सायकल चालवतो. 1421 च्या महापुरात तिथली वस्तीची जमीन पाण्याखाली गेली आणि पुढे विलोची झाडं, गाळ, पाण्याच्या वाटा असं सगळं तयार झालं. मी म्हटलं, तुमच्याकडचं पाणी स्वच्छ असणार. तो म्हणाला, कसलं! ऱ्हाईन नदी साऱ्या कारखान्यांचा मैला घेऊन यायची, आणि 1970 मध्ये समुद्राकडच्या तोंडाशी धरण घातल्यावर तो गाळ तिथेच बसला, जड धातूंसकट. 1 नोव्हेंबर 1986 ला बासेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, तेव्हा आग विझवायच्या पाण्याबरोबर रसायनं नदीत गेली, ऱ्हाईन लाल झाली आणि ईल मासे ढिगाने मेले.

सँडोझ म्हटल्यावर मी सायकल थांबवली. आमच्या धंद्यातलं नाव. आणि साल तेच, मी सुरतेला आलो ते.

"मग आता?" मी विचारलं.

"1988 मध्ये बीव्हर आणून सोडले. आता ते सगळीकडे आहेत. पण खालचा गाळ तसाच आहे, बाबा. काही ठिकाणी काढला, काही ठिकाणी नुसता झाकला."

तेव्हा मी त्याला निळ्या गाईची गोष्ट सांगितली. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला बापाने असं काही सांगणं सोपं नसतं. त्याची फी त्याच टाकीतून भरली होती. तो खूप वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही रजिस्टरमध्ये काय लिहायचात?"

"टाकी रिकामी. पाऊस."

तो काही बोलला नाही. माफ केलं असंही नाही आणि धरून ठेवलं असंही नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "चला, ऊन होतंय."

गोष्टी बदलल्या नाहीत असं नाही. बमरोलीला 2014 पासून महापालिका शहराचं सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकते, दिवसाला 4 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. आमच्या वेळी असं कुणी म्हटलं असतं तर चहाच्या टपरीवर हशा झाला असता. पण 6 जानेवारी 2022 ला सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना विषारी वायू पसरून 6 कामगार दगावले, हेही याच शहरात, याच दशकात. बातमी ऐकली तेव्हा मला आमचा व्हॉल्व्ह आठवला. त्याचं चाक फिरवताना हाताला येणारा गारवासुद्धा आठवला.

पार्कात फिरताना लोक झाडांचे फोटो काढतात. माझी नजर सवयीने पाण्यावर जाते. शेड मॅचिंगचा डोळा निवृत्त होत नाही. जलपर्णीच्या कडेला फेस आहे का, आहे तर पांढरा की पिवळट, पाऊस झाल्यावर सकाळी छटा बदलली का, हे मी पुलाखाली थांबून बघतो. एकदा तांबूस झाक दिसली. फोटो काढून महापालिकेला तक्रार केली. तक्रार करताना हात थोडा थरथरला, हे कबूल करतो.

मुलगा परत गेला. आता तो रोज रात्री फोनवर साखर किती ते विचारत नाही. मेसेज करतो, "आज रंग कोणता?"

काल लिहिलं, "मातकट. फेस नाही. शेकाट्या अकरा."