आस्वानचे पाणी

३४ मराठी माणसांना सकाळी साडेसहा वाजता बसमध्ये बसविणे हे काम पिरॅमिड रचण्याहून फारसे सोपे नसावे. आमच्या सहलीचा व्यवस्थापक ते रोज पार पाडी आणि रोज त्याचा चेहरा थोडा अधिक उतरे. कुणाचा चष्मा खोलीत राहिलेला असे, कुणाचा नवरा न्याहारीच्या टेबलाशी. ठाण्याचे एक निवृत्त गृहस्थ ‘मी केव्हाचा तयार आहे’ असे सर्वांना सांगत फिरत आणि बस सुटताना नेमके तेच सापडत नसत. आस्वानच्या त्या सकाळी मात्र सगळे वेळेआधी आपापल्या जागी होते. बाहेर वाळवंटातली डिसेंबरची थंडी होती आणि बसमध्ये ऊब होती, एवढेच त्याचे कारण.

माझ्याबरोबर आई होती. वय ७२. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकविते. नाताळच्या सुटीत इजिप्तला जायचे ठरले, तेव्हा मुलाची दहावी आणि यजमानांचे ऑफिस आड आले आणि रिकाम्या जागेवर आईची वर्णी लागली. “मी कशाला गं त्या मसणवटीत?” हा तिचा पहिला प्रश्न. पण पुढच्याच आठवड्यात तिने बेसनाचे ६० लाडू वळायला घेतले आणि ती येणार हे मी ओळखले. कैरोत पिरॅमिड पाहून झाल्यावर तिने मत दिले, “मेल्यानंतरची एवढी तजवीक करणारा माणूस जिवंतपणी सुखी नसणार.” आमच्या गाईडला मी हे भाषांतर करून सांगितले. त्याने वहीत टिपून घेतले.

प्रथम उंच धरण पाहायचे होते. धरण म्हटले की पुरुषमंडळींना आकड्यांचे भरते येते. उंची १११ मीटर, लांबी ३,८३० मीटर, तळाशी रुंदी ९८० मीटर. गाईड सांगत होता आणि आमच्यातले दोन इंजिनियर माना हलवीत होते. पश्चिमेकडच्या राष्ट्रांनी पैसा नाकारला, नासरने १९५६ मध्ये सुएझ कालवा ताब्यात घेतला, मग रशियाच्या मदतीने १९६० ते १९७० या दहा वर्षांत हे धरण उभे राहिले. कमळाच्या पाकळ्यांसारखा एक उंचच उंच मनोरा त्या मैत्रीची आठवण म्हणून तिथे आहे. धरणामागे पसरलेले नासर सरोवर सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे. त्याचे दुसरे टोक सुदानात.

“आपली कोयनाही १०३ मीटर आहे म्हटलं!” ठाण्याचे गृहस्थ म्हणाले. जणू ते स्वतःच पाट्या टाकायला गेले होते.

कोयनेचे नाव निघताच मी आईकडे पाहिले. तिचे माहेर त्याच खोऱ्यातले. पाणी चढू लागले तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. गाव उठले, ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, एवढेच आम्हां भावंडांना ठाऊक. आई त्याविषयी बोलत नसे आणि आम्हीही विचारीत नसू. चार वर्षांपूर्वी आम्ही सगळे महाबळेश्वरहून तापोळ्याला गेलो होतो. शिवसागर जलाशय भरलेला, नातवंडे बोटीत बसायला उतावीळ. पण आई काठावरच्या चहाच्या टपरीशी बसून राहिली ती राहिलीच. तिला पाण्याची भीती वाटते, असे तेव्हा आम्ही ठरवून टाकले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी आपण बऱ्याच गोष्टी अशाच ठरवून टाकतो.

आता ती सरोवराकडे पाठ करून, खाली वाहत जाणाऱ्या नदीकडे तोंड करून उभी होती. “त्या बाजूला ऊन डोळ्यांवर येतं,” म्हणाली. ते खरेही होते, म्हणून मी काही बोलले नाही.

धरणाहून आम्ही फिलीच्या धक्क्यावर आलो. इसिस देवीचे हे देऊळ बेटावर आहे आणि तिथे मोटारबोटीनेच जावे लागते. धक्क्यावर मण्यांच्या माळा, लाकडी उंट आणि रंगीत टोप्या विकणाऱ्यांनी ‘इंडिया! अमिताभ बच्चन!’ असा गजर करून आम्हांला वेढले. या एका नावावर इजिप्तभर आम्हांला जेवढे प्रेम मिळाले, तेवढे पासपोर्टावर मिळाले नाही. त्या गलक्यातच गाईडने सांगितले की, मूळ फिली बेट आता पाण्याखाली आहे. देऊळ सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर हलविलेले आहे.

आई थबकली. “तुम्ही जा. मी इथं बसते.”

व्यवस्थापक हवालदिल झाला. एकट्या माणसाला मागे ठेवण्याची त्याला सोय नव्हती. आईने मला बाजूला घेतले. “त्याला विचार, त्या बुडालेल्या बेटावर घरं होती का?”

मी विचारले. गाईड म्हणाला, “वस्ती फार पूर्वीच उठून गेली होती. बुडायची वेळ आली तेव्हा तिथे फक्त देऊळ होतं.”

“मग येते,” म्हणाली आणि नावाड्याने पुढे केलेला हात न घेता बोटीत उतरली.

फिलीची कहाणी अशी आहे. इंग्रजांच्या अमदानीत १९०२ मध्ये आस्वानला पहिले धरण पुरे झाले. पुढे दोनदा त्याची उंची वाढविली. तेव्हापासून देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात राही आणि हौशी प्रवासी खांबांच्या माथ्यांमधून नावा हाकीत हिंडत. भिंतींवरचे रंग त्या पाण्याने धुऊन नेले. मग उंच धरण आले. जे काही बुडणार होते ते वाचविण्यासाठी युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली. अबू सिंबेलची देवळे कापून सुमारे ६५ मीटर वर चढविली गेली. आपल्याकडूनही ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक १९६२ मध्ये नूबियात उत्खननाला गेले होते. फिलीचे काम १९७२ मध्ये सुरू झाले. बेटाभोवती पोलादी पत्र्यांची दुहेरी भिंत ठोकून आतले पाणी उपसले, दगड सुटे केले, अगिल्किया बेट सुरुंग लावून जुन्या बेटाच्या आकाराचे केले आणि तिथे पुन्हा देऊळ उभारले. १९८०च्या मार्चमध्ये ते लोकांसाठी उघडले. सांधा कुठे दिसत नाही. भव्य दगडी दरवाजे, त्यांवर शत्रूच्या शेंड्या धरून उभा असलेला राजा, आतल्या अंगणात देवीच्या मुखाचे खांब. सारे जिथल्या तिथे.

माझे मन एका भिंतीशी रेंगाळले. हेड्रियनच्या नावाच्या दरवाजावर चित्रलिपीतला एक लेख आहे, इसवी सन ३९४, २४ ऑगस्टचा. ज्ञात असलेल्या लेखांतला तो शेवटचा. त्या लिपीत तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे लिहीत होती आणि इथे ती थांबली. लिहिणारा देवळाचा पुजारी होता. आपल्यानंतर कुणी लिहिणार नाही हे त्याला कळले होते का? आमच्या मराठीच्या वर्गात यंदा ११ मुले आहेत. परदेशात जाऊनही मास्तरकी सुटत नाही, ती अशी.

“एकूण सुमारे ४०,००० दगड,” अंगणात गाईड सांगत होता, “आणि प्रत्येकावर क्रमांक. म्हणून देऊळ पुन्हा जसंच्या तसं जुळलं.” मी आईला ते मराठीत सांगितले. ती एका पायरीवर टेकली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“बाबांनी पण घातले होते नंबर.”

“कसले नंबर?”

“वाशांवर. घर उतरवलं ना आम्ही. कौलं काढली, दारं काढली, वासे काढले. सागवानी होते, पणज्याच्या वेळचे. बाबा कोळशानं एकेका वाशावर आकडा लिहीत आणि मी खालून मोजत होते. तिकडं गेल्यावर तस्संच घर उभारायचं म्हणून. ट्रकमधून नेले सगळे.”

“मग?”

“मिळालेली जागा बेताची. त्या घराचे वासे त्या जागेत बसेनात. बाबा म्हणाले, पुढं बघू. मागच्या अंगाला रचून ठेवले. पहिल्याच पावसात आकडे धुऊन गेले. मग कधी सरपण ओलं असलं की एक, पाहुणे आले की एक...” ती थांबली. “सतरा नंबरचा मी स्वतः बंबात घातला. त्याचा आकडा जरा वळचणीला होता, म्हणून राहिला होता. चांगला सतरा वाचता येत होता.”

इतक्यात नाशिकच्या बाईंनी ‘एक फोटो, काकू!’ म्हणून हाक मारली. आईने पदर सारखा केला आणि ती फोटोसाठी उभी राहिली. त्या फोटोत ती छान हसते आहे.

परतताना बोट जुन्या बेटाच्या अंगाने गेली. पोलादी भिंतीचे काही गंजके अवशेष पाण्याबाहेर डोके काढून आहेत. गाईडने बोट दाखविले तसे सगळे त्या कडेला झुकले आणि नावाडी ओरडला. आई मात्र हलली नाही. मी हळूच म्हटले, “तापोळ्याला तू बोटीत बसली नाहीस...”

“आपल्याच घरावरून नाव हाकायची का गं?” ती म्हणाली, तेही रागाने नव्हे.

दुपारचे जेवण, त्यातली वाटाघाट आणि बक्षिशीवरून झालेली वादावादी मी गाळते. फक्त एक सांगते. जेवणाआधी लालबुंद, आंबटगोड सरबत आले. नाव करकदे. मंडळींनी त्याला जास्वंदीचे सरबत ठरविले. आईने घोट घेतला, भांड्यातले फूल काढून चिमटीत चुरडले आणि निकाल दिला, “अंबाडी!” खरोखरच ती आपल्या लाल अंबाडीची बोंडे. एवढ्या दूर येऊन अंबाडी भेटल्याचा आनंद तिला फिलीहून अधिक झाला, हे मी नाकारणार नाही.

चार वाजता फलूका. ही तिकोनी शिडाची लाकडी होडी. इंजिन नाही, वल्ही अडीनडीला. आम्ही बाराजण तीत बसलो. आस्वानला नाईल जशी दिसते, तशी ती कैरोला दिसत नाही. पात्रात हत्तीच्या पाठीसारखे काळे गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक, एका काठाला खजुरी आणि पांढऱ्या भिंतींचे शहर, दुसऱ्या काठाला थेट पाण्यापर्यंत उतरलेली सोनेरी वाळू. हिरवळीचा पट्टा पाचपन्नास पावलांचा, की लगेच वाळवंट. त्या वाळूवर उंचावर आगाखान तिसरे यांची समाधी आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधला, ते हेच. १९५७ मध्ये ते वारले आणि १९५९ मध्ये इथे चिरविश्रांतीला आले. एलिफंटाइन बेटाच्या काठावर दगडी पायऱ्या पाण्यात उतरताना दिसल्या. पुराची उंची मोजण्याची ही जुनी जागा. पूर किती चढला त्यावरून त्या वर्षीचा सारा ठरे. आता पूर येत नाही, पायऱ्या आहेत.

आमचा नावाडी नूबियन होता. पन्नाशीचा, सावळा, पांढरा गलाबिया घातलेला. त्याने डफ काढून गाणे म्हटले, आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या, मग सुकाणू पायाने धरून स्वस्थ बसला. आईने मला कोपराने ढोसले. “याचं गाव कुठलं, विचार.”

मग तीन भाषांचा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. आईची मराठी मी इंग्रजीत आणी, गाईड ती अरबीत नेई आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. त्याचे गाव धरणाच्या वर, सरोवराखाली. तो जन्मला त्यापूर्वी, १९६३-६४ मध्ये, इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नूबियनांना उत्तरेला कोम ओम्बोच्या बाजूला नेले. गावांना जुनीच नावे दिली. घरे मात्र सरकारी, एका ओळीत आणि नदीपासून लांब. त्याचे आजोबा नव्या घरात कधी रमले नाहीत. जुन्या दाराचे लाकडी कुलूप दारालाच राहिले. किल्ली तेवढी त्यांनी कमरेला बांधून आणली. आता ती याच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे. मुले विचारतात, ही कशाची?

“काय सांगतो तो त्यांना?” आई म्हणाली.

प्रश्न गेला, उत्तर आले. “सांगतो, घराची आहे.”

आईने मान डोलावली. मग पिशवीतून डबा काढला आणि दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले. त्याने एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधला आणि काहीतरी बोलला. ते गाईडने सांगण्याची गरज नव्हती. घरी मुलांसाठी असणार. आईने आणखी तीन दिले. शीड वळले, वारा पडला. त्याने वल्ही काढली आणि ठाण्याच्या गृहस्थांनी एक वल्हे उत्साहाने हाती घेऊन आम्हांला जागच्या जागी दोनदा गोल फिरविले.

आई कडेला झुकून हात पाण्यात सोडून बसली होती. “गार आहे,” म्हणाली. थोड्या वेळाने, “शिवसागराचं पाणी कधी उतरतं गं? खाली अगदी कधी जातं?”

“मेअखेर असावं. पावसाच्या तोंडावर.”

“तेव्हा देवळाचं जोतं दिसतं म्हणतात.”

मी पुढे काही विचारणार, तोच धक्का आला. रात्री बोटीवरच्या खोलीत शिरताच तिने आधी डबा उघडला. “अकराच राहिले,” ती म्हणाली, “आणि अजून चार दिवस जायचेत. उद्यापासून नाशिकवाल्यांना अर्धा.”