माळ्यावरचा चेंडू

बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की वर्गात उरलेला खडू मी टोपलीत टाकायला जावे आणि तो हमखास बाहेर पडावा! पण द्राझेन पेत्रोविचची हकिगत वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. क्रोएशियातल्या शिबेनिक या समुद्रकाठच्या गावी १९६४ साली जन्मलेला हा पोरगा शाळेआधीच एकटा जाऊन जाळ्यात चेंडू टाकीत राही. पंधराव्या वर्षी तो गावच्या मोठ्या संघात गेला. १९८३ साली त्याच्या शेवटच्या दोन फेकींनी गावाला युगोस्लावियाचे अजिंक्यपद मिळाले, अन् दुसऱ्याच दिवशी संघटनेने ते काढूनही घेतले! पुढे झाग्रेब, माद्रिद, अमेरिका. तिथेही आधी पोर्टलंडला बाकावर बसणे, मग न्यू जर्सीत मान. आणि १९९३ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, जर्मनीत मोटार-अपघातात मृत्यू.

आमचे चिरंजीवही दहावीच्या वर्षी पहाटे उठत. अभ्यासाला नव्हे, मैदानावर जायला. मी चेंडू माळ्यावर लपवला. "परीक्षा झाली की देईन," म्हणालो. पहिल्या वर्गात पास झाला, पण चेंडू काही त्याने मागितला नाही.

परवा दिवाळीच्या झाडलोटीत तो सापडला. हवा गेलेली. "टाकून देऊ का हो?" हिने विचारले.

मी नुसताच चष्मा पुसत राहिलो.